ढवळले की एकच उरते

एकाच अन्नावर दोन जाती जगत असतील, तर एक टिकते आणि दुसरी संपते. रशियन जीवशास्त्रज्ञ जी. एफ. गॉझ यांनी १९३४ मध्ये पॅरामेशियमवरील प्रयोगांच्या आधारे हे मांडले. मग चमचाभर मातीत जिवाणूंच्या हजारो जाती कशा नांदतात? या कोड्याचा एक धागा भौतिकशास्त्रात सापडतो.

२००२ मध्ये बेंजामिन कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ई. कोलाय’ जिवाणूची तीन वाणे घेतली. ‘विषारी’ वाण कोलिसिन नावाचे विष सोडते; मात्र त्यासाठी त्याच्या काही पेशींना फुटून मरावे लागते. ‘नाजूक’ वाण त्या विषाने मरते. ‘चिवट’ वाणाला विष बाधत नाही, कारण विष पेशीत शिरण्याचे दारच बदललेले असते. पण काही पोषणही त्याच दारातून येते, म्हणून त्याची वाढ थोडी मंदावते. थोडक्यात, विषारी नाजूकला मारते, नाजूक वाढीत चिवटला मागे टाकते आणि चिवट विषारीला. दगड-कागद-कात्रीच म्हणा ना!

हलत्या चंबूत हा खेळ लवकर आटोपला. आधी नाजूक संपले, मग विषारी. उरले फक्त चिवट. बशीत मात्र तिन्ही टिकली. बशीतल्या वसाहतींचा ठसा मखमलीवर घेऊन तो जसाच्या तसा नव्या बशीत उतरवला जाई. हीच बशी मखमलीवर फिरवून ठसा विस्कटला, की निकाल पुन्हा चंबूसारखा. अन्न तेच, जिवाणू तेच. बदलले ते फक्त कोण कोणाच्या शेजारी आहे एवढेच.

२००७ मध्ये टोबियास रायखेनबाख, माउरो मोबिलिया आणि एर्विन फ्राय या भौतिकशास्त्रज्ञांनी अशा खेळाचे गणित मांडले. पाण्यात शाई पसरते तशी हालचाल त्यांनी आपल्या काल्पनिक जिवाणूंना दिली. हालचाल कमी असताना तिन्ही जातींचे पट्टे एकमेकांचा पाठलाग करत भोवऱ्यासारखे फिरतात आणि कोणीच संपत नाही. हालचाल चौपट झाली, की भोवऱ्यांचा आकार दुप्पट होतो. वाढता वाढता भोवरा उपलब्ध जागेत मावेनासा झाला, की एकच जात उरते. पाणी ठरावीक तापमानाला उकळते, तसा इथेही एक उंबरठा आहे.

अर्थात खऱ्या मातीत ओलावा, विषाणू, बदलते अन्न असे बरेच काही असते. या खेळाने सगळे सुटत नाही. पण प्रयोगशाळेत जिवाणू बऱ्याचदा हलत्या चंबूतच वाढवले जातात. तिथे हरलेले वाण मातीत किंवा आतड्यातही हरेलच, असे म्हणता येत नाही.