मयताच्या नावचा सातबारा आणि जित्यांची भाऊबंदकी

बी कुठले आणायचे, खत किती टाकायचे, याचा हिशेब आपला शेतकरी उन्हाळ्यातच मांडतो. पण ज्या रानात ते बी पडणार, ते रान आपल्या माघारी कोणाच्या नावावर जाणार, हा विषय घरात निघाला की "आत्ताच कशाला मरणाच्या गोष्टी?" म्हणून तो दाबला जातो. योजनांच्या अर्जांसोबतचे उतारे पाहिले तर याचा परिणाम दिसतो. सातबारा आजोबांच्या नावचा, कसतो नातू, आणि आजोबांना जाऊन वीस वर्षे झालेली!

यात नुकसान कोणाचे? कसणाऱ्याचेच. उताऱ्यावर नाव नाही म्हणून पीककर्ज अडते, अनुदान अडते. १५ एप्रिल २०२५ पासून कृषी खात्याच्या योजनांना शेतकरी ओळख क्रमांक लागतो आणि तो जमिनीच्या नोंदीवरूनच मिळतो. शिवाय उशीर होईल तसे वारस वाढतात. आज तीन भावांच्या सह्यांवर भागणारे काम पुढच्या पिढीत बारा चुलत भावंडांच्या सह्यांवर जाते. त्यातला एक पुण्याला, एक सुरतेला, आणि एक रुसलेला असतो.

वारस नोंद तीन महिन्यांत

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम १४९ प्रमाणे वारसाहक्काने जमीन मिळाली की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचे असते. (तलाठ्याचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे.) मृत्यूचा दाखला, सातबारा व आठ-अ, सर्व वारसांची नावे, वय, पत्ता आणि मयताशी नाते सांगणारे शपथपत्र जोडावे. आधी गाव नमुना ६-क या वारस नोंदवहीत नोंद होते. मग फेरफार धरला जातो, नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस मिळतात आणि मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. ई-हक्क प्रणालीतूनही अर्ज करता येतो. मयतांची नावे कमी करून वारसांची नावे लावण्यासाठी शासनाने २०२५ साली 'जिवंत सातबारा' मोहीमही घेतली.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. फेरफार ही महसुली नोंद आहे, त्याने मालकी ठरत नाही. एखाद्याचे नाव मुद्दाम गाळले तरी त्याचा हक्क बुडत नाही. पुढे कोर्टाची वारी मात्र लागते.

वारस कोण?

हिंदू वारसा कायदा १९५६ प्रमाणे (तो बौद्ध, जैन व शीख कुटुंबांनाही लागू आहे) पुरुष मृत्युपत्र न करता वारला, तर त्याची विधवा, आई, मुलगे आणि मुली हे पहिल्या वर्गाचे वारस. समजा, स्वकष्टाची पाच एकर जमीन आहे. मागे आई, बायको, दोन मुलगे व एक मुलगी आहे. तर प्रत्येकाला एक-एक एकर. म्हातारी आई हटकून विसरली जाते, तसे करू नये.

वडिलोपार्जित जमिनीतही ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. लग्न झाल्याने तो जात नाही. त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला आहे. तेव्हा "बहिणीला लग्नात दिलं की" हे बोलणे कायद्यापुढे चालत नाही. बहिणीला आपण होऊन हक्क सोडायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते. राखीपौर्णिमेला घाईत सही घेऊ नये. कागदावर काय आहे ते तिला वाचून दाखवावे, आणि तिला नको वाटले तर तिचा मान ठेवावा.

वाटणी कागदावर हवी

"आमची वाटणी झालीय, बांध घातलाय," असे पुष्कळजण सांगतात. पण उताऱ्यावर थोरल्याच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर असा जुना शेरा तसाच असतो. थोरला आहे तोवर ठीक. त्याच्या माघारी त्याची मुले सगळ्या रानावर हक्क सांगतात आणि धाकट्याचे घर उघडे पडते. सर्व सहधारकांची संमती असेल तर कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटणीचा अर्ज करता येतो. मालकीचाच वाद निघाला तर मात्र दिवाणी कोर्टातच जावे लागते. फार लहान तुकडे पडत असतील तर १९४७ चा तुकडेबंदी कायदा आड येतो, म्हणून आधीच चौकशी करावी.

वाटणीत नुसते एकर-गुंठे लिहून भागत नाही. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या, मोटारीची वीजजोडणी, पाइपलाइन, गाडीवाट, बांधावरचे आंबे, सोसायटीचे कर्ज कोण फेडणार, हे सगळे लिहावे. बहुतेक भांडणे जमिनीपेक्षा पाण्यावरून आणि वाटेवरून पेटतात.

मृत्युपत्र व कारभारणीचे नाव

स्वकष्टाची जमीन आणि एकत्र कुटुंबातला आपला हिस्सा एवढ्याचेच मृत्युपत्र करता येते. दुसऱ्याचा हिस्सा त्यात देता येत नाही. साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही. दोन साक्षीदार मात्र हवेतच. ते वयाने आपल्यापेक्षा लहान आणि ज्यांना काही मिळणार नाही असे घ्यावेत. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे केलेली बरी. मन बदलले तर दुसरे मृत्युपत्र करता येते. शेवटचे असेल ते खरे.

बँकेत 'नॉमिनी' लावला म्हणजे तो मालक झाला, हाही गैरसमज आहे. तो पैसे ताब्यात घेतो, पण वारसांचा हक्क राहतोच.

आणि कारभारणीचे काय? खुरपणी, वेचणी, धारा तिच्याच हाती. १९९२ च्या लक्ष्मीमुक्ती योजनेप्रमाणे नवऱ्याने स्वखुशीने अर्ज केल्यास तिचे नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लावता येते. माघारी ती दिराच्या दारात उभी राहू नये, असे वाटत असेल तर हे काम आजच करावे.

सुगीनंतर चार दिवस सवड असते. त्यात घरातल्या सगळ्यांनी, लेकीबाळींनाही बोलावून, एकदा बसावे. सातबारा, आठ-अ, जुने फेरफार समोर ठेवावेत. अडले तर तलाठ्याला, नाहीतर जाणत्या वकिलाला विचारावे. वडीलधारे हयात आहेत तोवर त्यांच्या शब्दाला वजन असते. तेच एका बैठकीत जे मिटवतील, ते पुढे वीस वर्षे तारखांना जाऊनही मिटेल याची खात्री नाही.