मंगळ, व्हाया दादर

सकाळच्या लोकलमध्ये दोन प्रकारची माणसे असतात. एकाला तिघांच्या बाकावरची चौथी सीट हवी असते, दुसऱ्याला आकडे. हा दुसरा म्हणजे रेल्वेवेडा. इतरांची नजर जागेवर, याची इंडिकेटरवर: गाडी बारा डब्यांची की पंधरा, फास्ट की स्लो? चला, आज त्याच्या शेजारी उभे राहू. बसायला मिळणार नाहीच, निदान मोजू तरी!

पहिला आकडा: मुंबईच्या लोकलने दिवसाला साधारण ७५ लाख माणसे प्रवास करतात. पंचाहत्तर लाख! २०११ च्या जनगणनेत अख्ख्या गोव्याची लोकसंख्या होती १४.५८ लाख. म्हणजे अशी पाच गोवा राज्ये रोज लोकलमध्ये चढतात आणि धक्के खात उतरतात. प्रत्येकाला अर्धा मीटर जागा देऊन सगळ्यांना एका रांगेत उभे केले, तर रांग होईल ३,७५० किलोमीटरची. मुंबई-पुणे लोहमार्ग १९२ किलोमीटरचा. रांग पुण्याला जाईल, परत येईल, पुन्हा जाईल... अशा जवळपास दहा फेऱ्या होतील!

आता थोडे मागे जाऊ. १६ एप्रिल १८५३. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. चौदा डबे, चारशे पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने आणि वर एकवीस तोफांची सलामी. समजा, त्या दिवसापासून रोज अशी एकच गाडी सोडली असती. आजच्या एका दिवसाची गर्दी हलवायला किती गाड्या लागल्या असत्या? १८,७५०. शेवटचा प्रवासी ठाण्याला उतरेपर्यंत १९०४ साल उजाडले असते! एक्कावन्न वर्षांचे काम आपण रोज पहाटे चारला हाती घेतो आणि रात्री एकपर्यंत संपवतो.

कसे संपवतो? दिवसाला सुमारे ३,२०० फेऱ्या मारून. पहाटे चार ते रात्री एक म्हणजे एकवीस तास, म्हणजेच ७५,६०० सेकंद. भागाकार करा. दर चोविसाव्या सेकंदाला कुठून ना कुठून एक लोकल सुटते! आणि माणसे? सेकंदाला जवळपास शंभर. स्टेशनात गाडी वीसेक सेकंद थांबते. तेवढ्यात तुम्ही फार तर एक पाय फुटबोर्डावर ठेवता आणि शहरभरात दोन हजार जणांचा प्रवास सुरू झालेला असतो.

ही सगळी माणसे मावतात कुठे? बारा डब्यांच्या गाडीत गर्दीच्या वेळी साडेचार हजारांच्या आसपास माणसे असतात. १८५३ चे चारशे पाहुणे आठवतात? तशा अकरा गाड्या आपल्या एका गाडीत कोंबलेल्या. गर्दी शिगेला पोहोचली की एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसे उभी असतात. सोळाने भागा. माणशी जागा उरते ६२५ चौरस सेंटीमीटर, म्हणजे झेरॉक्सचा एक ए-फोर कागद! त्या कागदावर तुम्ही, तुमची बॅग, तुमचा डबा आणि शेजाऱ्याचे कोपर. माणशी साठ किलो धरले, तर साडेचार हजारांचे झाले २७० टन. दहा टनी ट्रक सत्तावीस! हे ओझे ओढणारी वीज डोक्यावरच्या तारेतून येते २५,००० व्होल्टने. घरातल्या प्लगमध्ये २३०. १०८ पटींहून थोडे जास्तच, जपमाळ पुरी!

पैशांचे काय? समजा, प्रत्येकाने किमान भाड्याचे पाचच रुपये दिले. दिवसाचा गल्ला पावणेचार कोटी. तोही पाचच्या नाण्यांत आला आणि नाणे सहा ग्रॅमचे धरले, तर तिकीट खिडक्यांमागे रोज ४५ टन चिल्लर साचेल. आणि तरी बाबूजी म्हणणारच, “सुट्टे द्या!”

आता दांडा घट्ट धरा, गाडी वेग घेते आहे. एका फेरीचे अंतर सरासरी ४० किलोमीटर धरू. चर्चगेट ते विरार ६०, सीएसएमटी ते कल्याण ५४, तेव्हा चाळीस काही फार नाहीत. ३,२०० फेऱ्यांचे झाले १ लाख २८ हजार किलोमीटर. रोज पृथ्वीला तीन प्रदक्षिणा आणि वर थोडे शिल्लक. चंद्र किती लांब? ३ लाख ८४ हजार किलोमीटर. म्हणजे सोमवारी पहाटे निघालेल्या लोकल बुधवारी रात्री चंद्रावर!

हे झाले नुसत्या गाड्यांचे. आता माणसांचे किलोमीटर मोजा. प्रत्येकाचा प्रवास फक्त वीस किलोमीटरचा धरू, म्हणजे चर्चगेट ते अंधेरीपेक्षाही कमी. ७५ लाख गुणिले वीस, पंधरा कोटी किलोमीटर! ओळखीचा वाटतो ना आकडा? पृथ्वीपासून सूर्याचे अंतर! मुंबईकर सगळे मिळून रोज एक सूर्य गाठतात, तोही लटकत.

अजून एक. आपले मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ ला निघाले आणि २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाच्या कक्षेत पोहोचले. वाट सुमारे ६५ कोटी किलोमीटरची, वेळ साडेदहा महिने. आपले? रोज पंधरा कोटी. सोमवारी पन्नास कोटी बाकी. मंगळवारी पस्तीस, बुधवारी वीस, गुरुवारी पाच. शुक्रवारी दुपारी डबा उघडायच्या आत मुंबई मंगळावर! आणि रविवारी दुरुस्तीसाठीचा मेगाब्लॉक नसता ना, तर शनीसुद्धा काही फार लांब नव्हता.