झाकली मूठ

इंजिन चालू आहे आणि मेस्त्री त्याच्याकडे पाठ करून चहा पिताहेत. बघत नाहीत, ऐकताहेत. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात सकाळी दहा वाजता लेथ, ग्राइंडर आणि हातोड्यांचा जो एकत्र कालवा चालतो, त्यातून एका ट्रकच्या पोटातली कुरकुर वेगळी काढायला कान तसा तयार असावा लागतो. माझा नाही. मला सगळं धडधडतंच ऐकू येतं.

"बंद करू नगंस," मेस्त्री ड्रायव्हरला ओरडून सांगतात. कप फळीवर ठेवतात, ऑइल भरायच्या तोंडाचं झाकण फिरवून काढतात आणि उलटं करून तोंडावर नुसतं टेकवतात. झाकण नाचायला लागतं. भाताच्या पातेल्यावरचं नाचतं तसं. कडेने धुराची पुंगळी सुटते, भकभक, भकभक.

"ह्ये बगा मालक. बॅक."

दाजी बघतात. काही बोलत नाहीत. बॅक म्हणजे बॅक कॉम्प्रेशन. पिस्टनच्या डोक्यावर कोंडून राहायला हवा तो दाब रिंगांच्या फटीतून खाली निसटतो आणि ऑइलच्या चेंबरमधून वाट काढत असा वर येतो. गाडीच्या मागे सायलेन्सरमधून येणारा धूरही निळसर आहे. काळा असता तर डिझेल जास्त जळतंय म्हणून पंप-नोझलवर भागलं असतं. निळा म्हणजे ऑइल जळतंय.

"जेएनपीटीला जाऊन येऊस्तोवर चार लिटर ऑइल घालतोय," ड्रायव्हर केबिनमधून सांगतो. "आन खंबाटकीत रिकामी गाडीबी दम टाकतीया."

"हे मला आज सांगतोयस?" दाजी.

"दोन म्हैनं सांगतोय मालक. तुमी म्हनला, सीझन हुंदे."

दाजी माझ्याकडे बघतात. मी फळीवरच्या चहाच्या कपाकडे बघतो.

गाडी दाजींची. टाटा २५१८, दहा चाकी, २०१२ चं मॉडेल. या गाड्यांच्या नावातच हिशेब असतो: २५ टन एकूण वजन, १८० अश्वशक्ती. इंजिन कमिन्सचं, सहा सिलिंडर, ५.९ लिटर. मेस्त्री अजून ‘किर्लोस्कर कमिन्स’च म्हणतात. पुण्यातली ती कंपनी १९६२ ची आणि ट्रकांना ही इंजिनं देणारी टाटा कमिन्स १९९३ ची, पण उद्यमनगरात एकदा बसलेलं नाव सहजी उठत नाही. दाजींनी गाडी चार वर्षांपूर्वी जुनी घेतली. देणाऱ्याने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, इंजिनाला पाना लागलेला नाही.

मेस्त्री आता चालू इंजिनावर नोझलच्या पाइपांचे नट एकेक करून ढिले करतात. पहिला ढिला केला की इंजिन लंगडतं. आवळला की सावरतं. दुसऱ्याला तेच. तिसरा ढिला करतात आणि काहीच होत नाही. इंजिन जसं चाललं होतं तसंच चालतं, म्हणजे तिसरं सिलिंडर असून नसल्यासारखं आहे. चौथ्याला किंचित फरक. मेस्त्री फडक्याला हात पुसतात. "खोलाय पायजे."

इथे खरी अडचण सुरू होते. खोलल्याशिवाय आतलं कळत नाही, आणि एकदा हेड उचललं की नुसतं बघण्याचाही खर्च लागतो: गॅस्केट नवीन, हेडला फेस, ऑइल-फिल्टर, शिवाय गाडी उभी. म्हणून खोलायच्या आधीच ठरवून टाकायचं असा दाजींचा बेत आहे. त्यांनी सकाळीच जुन्या इंजिनांच्या एका दलालाला बोलावून ठेवलंय. तो येतो, मोबाइलवर फोटो दाखवतो. अपघातातल्या गाडीचं इंजिन, हेच मॉडेल. "चालू कंडिशन. उद्या आणतो, परवा बसवून गाडी रोडवर. सव्वा लाख."

मला हसू येतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, तेही अगदी भावासकट.

"कागद?" मेस्त्री विचारतात.

"मिळतील की."

"मिळतील न्हवं, हाइत का?"

दलाल फोन खिशात घालतो. मेस्त्रींचं म्हणणं कायद्याचं आहे. इंजिन बदललं की त्याचा नंबर बदलतो आणि तो आरसी बुकावर चढवून घ्यावा लागतो. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमात गाडीतल्या फेरफाराचं सगळं येतं. बिल नसलेलं इंजिन चोरीच्या गाडीतलंही निघू शकतं, आणि मग फिटनेसच्या वेळी इन्स्पेक्टर बॅटरी मारून नंबर वाचायला लागला की मालकाच्या पोटात गोळा. एवढ्या जुन्या गाडीला फिटनेस तर दरवर्षी. कर्जाचे हप्ते चालू असतील तर फायनान्सवाल्याची ना-हरकत वेगळी.

"कंपनीचं रिकॉन?" दाजी विचारतात. आपलं इंजिन देऊन कारखान्यात दुरुस्त झालेलं घ्यायचं. मेस्त्री नाही म्हणत नाहीत. "वॉरंटी मिळंल. बिल मिळंल. पैसा दुप्पट." मग जरा थांबून, "आन गाडी पंधराच्या घरात आली मालक. किती वरसं चालवनार हाय, त्ये आधी ठरवा."

दाजी ते ठरवत नाहीत. कोणता मालक ठरवतो? ते एवढंच म्हणतात, "खोला."

पुढचे दोन तास मी तेलकट स्टुलावर. हेड चेन-कप्पीला लटकून वर जातं. खालून चेंबर उतरतं आणि काळं ऑइल घमेल्यात धो धो पडतं. मेस्त्री मला बोलावतात. "पावणं, हात घाला." तिसऱ्या सिलिंडरच्या तोंडाशी बोट घालून वर ओढायला सांगतात. वरच्या काठाखाली नख अडकतं. पायरी आहे. वरची रिंग जिथपर्यंत येऊन परत फिरते तिथवर लोखंड झिजलंय, त्याच्या वरचं तसंच राहिलंय. झीज सगळ्यात जास्त तिथेच का, तर दाब तिथे सगळ्यात जास्त, उष्णता तिथेच, आणि ऑइल पोचतं ते सगळ्यात कमी. नव्या बोअरवर होनिंगच्या तिरप्या रेघांची जाळी असते, ऑइल धरून ठेवायला. इथे काचेसारखं गुळगुळीत आहे. दिसायला सुंदर आणि कामाला निरुपयोगी.

पिस्टन एकेक करून वर निघतात. मेस्त्री एका पिस्टनवरून वरची रिंग सोडवतात, बोअरमध्ये तळाशी, जिथे झीज नाही तिथे सरळ बसवतात आणि तिच्या दोन टोकांमधल्या फटीत फिलर गेजच्या पात्या सरकवतात. ०.८५. मग रिंग वर आणतात, पायरीच्या अगदी खाली. पाती वाढवत जातात. १.३० ची थप्पी आरामात आत जाते.

"नव्या रिंगेला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास ऱ्हातीया," ते म्हणतात. म्हणजे रिंग झिजली ती वेगळी, बोअर झिजला तो वेगळा. खालच्या-वरच्या फटीतला फरक ०.४५. मी मनात २२/७ ने भागतो. व्यास साधारण १४ शतांश मिलिमीटरने वाढलाय. थोड्या वेळाने शेजारच्या बोअरिंगच्या दुकानातला पोरगा डायल गेज घेऊन येतो, सहाही सिलिंडर मापतो आणि तिसऱ्याला म्हणतो, "चौदा पॉइंट." शाळेतलं गणित असं उद्यमनगरात भेटलं की बरं वाटतं. दाजींना वाटत नाही.

पण पोरगा गेज झटकून पुन्हा बघतो. "मेस्त्री, ह्यो एकशे दोनचा बोअर न्हाई. एकशे दोन पाचवर लावला तवा काटा बसला."

मेस्त्री काही न बोलता तिसरा पिस्टन उचलतात, डिझेलच्या डब्यात बुडवतात आणि पत्र्याच्या तुकड्याने त्याच्या डोक्यावरचा कार्बन खरवडायला लागतात. काळ्या पापुद्र्याखालून पांढरं अॅल्युमिनियम वर येतं. मग आकडे. शून्य, टिंब, पाच, शून्य. फडक्याने पुसून ते पिस्टन दाजींच्या पुढ्यात धरतात.

०.५०. पाना न लागलेल्या इंजिनाचा बोअर आधी एकदा अर्धा मिलिमीटर मोठा करून झालेला.

दाजी बराच वेळ त्या आकड्याकडे बघतात. शिवी येईल असं मला वाटतं. येत नाही. ते पिस्टन हातात घेतात, वजन केल्यासारखं खालीवर करतात आणि बाकावर ठेवतात. "म्हणजे आता हे भंगार?"

"न्हाई ओ." मेस्त्री पहिल्यांदाच खाली बसतात. या इंजिनात वेगळा लायनर नसतो, सिलिंडर थेट ब्लॉकमध्येच कोरलेला. लायनर असता तर जुना काढा, नवा ठोका. इथे बोअर वाढवायचा आणि मोठा पिस्टन घालायचा. मोठे पिस्टन मिळतात दोनच मापांचे, अर्धा आणि एक. अर्धा वापरून झाला. आता एक. १०३ चा बोअर केला की चौदा पॉइंटची झीज त्यात सहज जिरते. त्यानंतर मात्र स्लीव्हच ठोकायचे. बेअरिंगच्या पाठी उलटून बघितल्या, त्यावर ०.२५ आहे, म्हणजे क्रँकही एकदा घासलेला, पण पुन्हा घासायला जागा आहे.

"आन त्याचं इंजिन आनलासा," ते दलाल गेला त्या दिशेला हनुवटी उडवतात, "तर त्येचं पिस्टन कंच्या मापाचं हाईत त्ये कुनाला ठावं? खोलूनच बगाय लागंल. मग ह्ये खोलल्यालं काय वाईट?"

हा मुद्दा मला पटतो. दाजी मात्र अजून दिवस मोजताहेत. कारखान्यांचं गळीत सुरू व्हायला तीन आठवडे. बोअर, क्रँक, हेड, पंप धरून मेस्त्री आठ दिवस सांगतात. उद्यमनगरातले आठ दिवस म्हणजे बारा. हप्ता थांबत नाही.

एवढ्यात किन्नर हवेच्या फिल्टरची रबरी नळी घेऊन येतो. फिल्टरपासून टर्बोकडे जाणारी. "मेस्त्री, हितं चिरलीया." क्लँपच्या खाली, वरून दिसणार नाही असा, बोटाच्या दोन पेरांएवढा तडा. मेस्त्री नळीच्या आत बोट फिरवतात आणि बाहेर काढतात. बोट लाल.

"बॉक्साइटला हुती गाडी?"

"उन्हाळाभर," ड्रायव्हर सांगतो. शाहूवाडीकडच्या जांभ्या मातीच्या रस्त्यांवर. फिल्टर दर महिन्याला झाडला, एकदा नवा घातला, त्याची पावतीही आहे. फिल्टरच्या पलीकडून धूळ आत जात राहिली, टर्बोतून, इंटरकूलरमधून, थेट सिलिंडरमध्ये. रिंगा आणि बोअर यांच्यामध्ये पॉलिश पेपर घातल्यासारखी.

कोणी कोणाला बोलत नाही. ड्रायव्हर उगाचच घमेलं सरळ करतो.

दाजी उठतात. केबिनमधून प्लॅस्टिकच्या पिशवीतलं आरसी बुक काढून आणतात. माझ्याकडून मोबाइल मागतात, बॅटरी लावायला सांगतात आणि चेसिसच्या बाजूने वाकतात. ब्लॉकवर वर्षानुवर्षांचं ऑइल आणि माती यांचं जाड पीठ बसलंय. डिझेलचं फडकं फिरवतात, पुन्हा फिरवतात. आत कोरलेले आकडे हळूहळू उजळतात. दाजी एकेक अक्षर मोठ्याने वाचतात आणि मी आरसीवर बोट ठेवून हो म्हणत जातो. मधल्या एका आकड्याशी ते अडखळतात, तीन की आठ. पुन्हा फडकं. आठ. आरसीवरही आठ.

शेवटचा आकडा जुळतो तेव्हा दाजींच्या तोंडून नुसता श्वास बाहेर पडतो. हात पँटला पुसत ते सरळ होतात.

"एकवर करा," ते मेस्त्रींना म्हणतात. "उतरवा इंजिन."

मेस्त्री पोरांना हाक मारतात. कप्पीची साखळी खडखडत खाली येते. दाजी निघता निघता परत वळतात, जमिनीवर पडलेली चिरलेली नळी उचलतात आणि आरसीच्या पिशवीत कोंबतात.

"राहू द्या की दाजी," मी म्हणतो, "नवीनच घ्यायची ना?"

"माप लागंल."