वाळवंट म्हणजे ऊन आणि वाळू? मग लडाखच्या वाळवंटात दात का वाजतात?

लडाख ट्रिपच्या फोटोंमध्ये एक फोटो हमखास असतो. वाळूच्या टेकड्या, त्यावर उंट आणि मागे बर्फाचे डोंगर. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं कुणीतरी एडिट करून दोन फोटो चिकटवलेत. पण फोटो खरा असतो. नुब्रा खोऱ्यातलं हुंडर गाव, तिथले उंट दोन वशिंडांचे, अंगावर दाट लोकर.

गोंधळ होतो कारण वाळवंट म्हटलं की आपल्याला उकाडा आठवतो. भूगोल मात्र पाऊस मोजतो. वर्षाला साधारण २५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पडणारा प्रदेश म्हणजे वाळवंट. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. लेहला वर्षभरात पडतो साधारण १०० मिलिमीटर. आता करा हिशोब.

या व्याख्येनं बघितलं तर जगातलं सगळ्यात मोठं वाळवंट सहारा नाही, अंटार्क्टिका आहे. तिथला बर्फ हजारो वर्षांत थोडा थोडा साठलेला आहे. २१ जुलै १९८३ ला तिथल्या व्होस्तोक केंद्रावर पारा उणे ८९.२ अंशांवर गेला होता.

मग प्रत्येक वाळवंटाचं हवामान वेगळं का? कारण पाऊस चुकण्याची कारणं वेगवेगळी आहेत.

सहाराचं बघा. विषुववृत्तावर तापलेली हवा वर जाते, तिथंच पाऊस पाडते आणि कोरडी होऊन उत्तरेला खाली उतरते. उतरताना ती आणखी तापते, ढग धरतच नाहीत. दिवसा ऊन थेट जमिनीवर. आणि रात्री हवेत बाष्प नसल्यामुळे उष्णता टिकत नाही, म्हणून तिथं हिवाळ्यात रात्री शाल लागते. (आणि हो, सहाराचा बराचसा भाग वाळूचा नाही, खडकांचा आणि दगडगोट्यांचा आहे.)

चिलीतल्या अटाकामाची गंमत वेगळीच. हे वाळवंट चक्क समुद्राला लागून आहे. पण किनाऱ्याजवळून थंड पाण्याचा प्रवाह वाहतो, त्यामुळे खालची हवा गार राहते, वर चढत नाही आणि पाऊस पडत नाही. तिथल्या अरिका शहरात ऑक्टोबर १९०३ ते जानेवारी १९१८ या काळात पाऊसच झाला नव्हता. सलग चौदा वर्षांहून जास्त! तरी किनाऱ्यावर उकाडा फारसा नाही. उलट धुकं दाटून येतं, आणि काही ठिकाणी लोक जाळ्या उभारून त्या धुक्यातलं पाणी गोळा करतात.

लडाखचं कारण आपल्याला समजायला सगळ्यात सोपं. महाबळेश्वरला धो धो पाऊस आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात टँकर, हे आपण दरवर्षी बघतो. डोंगर ढग अडवतो, पलीकडचा भाग कोरडा राहतो. इथं सह्याद्री आहे, तिथं हिमालय. त्यात लेहची उंची साडेतीन हजार मीटर, म्हणून थंडी. हिवाळ्यात रात्री पारा उणे १५ च्या आसपास सहज जातो.

अशा ठिकाणी पाणी असतं, पण वेळेवर नसतं. पेरणी एप्रिल-मे मध्ये आणि हिमनदी नीट वितळते जूननंतर. म्हणून सोनम वांगचुक यांनी आइस स्तूप उभे केले. हिवाळ्यात वाया जाणारं पाणी पाइपनं आणून उंच कारंज्यासारखं उडवायचं, ते थंडीत गोठून त्याचा सुळका होतो आणि वसंतात हळूहळू वितळतो.

कोरड्या हवामानाला धरूनच तिथली घरंही बांधलेली. उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटा, वर मातीचं सपाट छप्पर. शेकडो वर्षं हे बरोबर होतं. पण ५ ऑगस्ट २०१० च्या मध्यरात्री लेहजवळ ढगफुटी झाली. उघड्या डोंगरांवर पाणी अडवायला झाडं नाहीत, माती आणि दगड घेऊन लोंढे खाली आले. दोनशेहून जास्त माणसं गेली.

त्याआधी ऑगस्ट २००६ मध्ये राजस्थानच्या बाडमेरमध्ये असंच झालं होतं. थरला पावसाळा आहे, पण तिथं पोहोचेपर्यंत मान्सूनचा जोर संपलेला असतो. त्या वर्षी संपला नाही. वाळवंटात पूर येईल अशी कुणाची तयारी नव्हती, आणि कवास गाव पाण्याखाली गेलं. वाळू पाणी पिऊन टाकेल असं आपल्याला वाटतं. पण कवासच्या जमिनीखाली जिप्समचा थर आहे, त्यातून पाणी मुरत नाही. पाऊस थांबला तरी पाणी गावातच तुंबून राहिलं, आणि उंटांच्या त्या मुलखात माणसं काढायला लष्कराला होड्या आणाव्या लागल्या.