विज्ञान आणि विवेक (लेखांक ६) : कीटकनाशक शोधताना सापडलेले अस्त्र

सेंद्रिय फॉस्फरस कीटकनाशके आणि माणसाची चेतासंस्था निकामी करणारे युद्धवायू एकाच रसायनकुळातले आहेत. यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर मारले जाणारे प्रोफेनोफॉस आणि नाझी जर्मनीचे टॅबून यांचे नाते या कुळातून लागते. टॅबून तयार करणारे गेरहार्ड श्राडर शस्त्र शोधायला बसले नव्हते. म्हणूनच त्यांच्या जबाबदारीचा प्रश्न अणुबॉम्ब बनवणाऱ्यांच्या प्रश्नाहून अवघड आहे.

श्राडर (१९०३–१९९०) आय. जी. फार्बेन या उद्योगसमूहाच्या लेव्हरकुसेन येथील प्रयोगशाळेत किडींवर औषध शोधत होते. डिसेंबर १९३६मध्ये टॅबून तयार झाले. पुढच्याच महिन्यात त्याचा जेमतेम एक थेंब टेबलावर सांडला. श्राडर आणि त्यांचे सहायक यांच्या डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या, दिसेनासे होऊ लागले, श्वास कोंडला. काही आठवडे कामावर येता आले नाही. लष्करी उपयोगाचा शोध सरकारला कळवण्याची सक्ती १९३५पासून होतीच. त्यानुसार टॅबून सैन्याकडे गेले. १९३८मध्ये त्याच कुळातला दुसरा युद्धवायू, सारिन, आला. त्याच्या नावातले पहिले अक्षर श्राडर यांचे. ओडर नदीकाठच्या डायहर्नफुर्थ कारखान्यात छळछावणीतल्या कैद्यांना राबवून १९४२पासून सुमारे १२,००० टन टॅबून बनवले गेले. हिटलरने ते रणांगणावर वापरले नाही. १९८०च्या दशकात इराकने इराणविरुद्ध वापरले.

सक्तीची सबब खोटी नाही, पण ती टॅबूनपुरती चालते. स्वतःच्या शरीरावर परिणाम भोगल्यानंतरही सारिनपर्यंतचे काम श्राडर यांनी केले. भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ रॉटब्लाट यांनी १९४४च्या अखेरीस अणुबॉम्ब बनवणारी लॉस अलामोसची प्रयोगशाळा सोडली, कारण जर्मनी बॉम्ब बनवत नाही हे त्यांना कळले होते. नाझी राजवटीत तशी मोकळीक नव्हती हे मान्य करूनही दोघांतला फरक राहतोच. युद्धानंतर श्राडर बायर कंपनीत परतले आणि किडींना मारक पण सस्तन प्राण्यांना कमी विषारी संयुगे शोधत राहिले. पश्चात्ताप म्हणायचा तर तो याच कामात शोधावा लागतो.

त्यांच्याच पॅराथिऑन या कीटकनाशकाने मात्र भारतात बळी घेतले. १९५८मध्ये केरळात या विषाचा संसर्ग झालेल्या गव्हाच्या पिठाने शंभरहून अधिक माणसे दगावली. त्या घटनेनंतरच्या चौकशीतून १९६८चा कीटकनाशक कायदा आला. कीटकनाशकापासून अस्त्रापर्यंतचा प्रवास ब्रिटनमध्येही घडला. आयसीआय कंपनीत रणजित घोष यांनी १९५०च्या दशकाच्या आरंभी शोधलेले अमिटॉन हे कीटकनाशक बाजारात आले, अतिविषारी ठरून मागे घेतले गेले आणि लष्करी प्रयोगशाळेत त्याच वळणाने व्हीएक्स हे रासायनिक अस्त्र जन्मले.

या कुळातल्या विषांची क्रिया शेतात आणि रणांगणावर सारखीच. मज्जातंतूची आज्ञा ॲसिटिलकोलिन स्नायूपर्यंत पोचवते. मग कोलिनएस्टरेज हे विकर ते तोडते. विकर बंद पडले की आज्ञा थांबत नाही. लाळ गळते, घाम फुटतो, स्नायू फडफडतात, छातीत स्राव साचतो, शेवटी श्वसन थांबते. सैनिकाच्या संचात उतारा म्हणून ॲट्रोपिनची सुई असते. रुग्णालयात डॉक्टर तेच ॲट्रोपिन छातीतली घरघर जाईपर्यंत पुन्हा पुन्हा देतात.

२०१७च्या पावसाळ्यात यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात असे रुग्ण रांगेने येऊ लागले. जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो बाधित झाले. त्या वर्षी कपाशी उंच वाढली होती; पाठीवर पंप घेऊन तासातून चालणाऱ्याच्या तोंडावर फवारा येई, कपडे भिजून अंगाला चिकटत. अनेकांनी दोन-तीन औषधे एकत्र केली होती आणि त्यांतली काही या कुळाबाहेरची होती, त्यामुळे कोणाला नेमके काय बाधले हे ठरवणे कठीण गेले. फवारणाऱ्यांनी मास्क-हातमोजे वापरले नाहीत असा दोष सर्रास दिला गेला. विदर्भातल्या दमट उकाड्यात रोजंदारीवरचा माणूस ते दिवसभर घालून राहू शकत नाही, हे ओळखूनच अशा औषधाला परवानगी द्यायला हवी. कातडी आणि श्वास यांवाटे हे विष काय करते, याची माहिती लेव्हरकुसेनच्या त्या टेबलापासून आहे.

नोव्हेंबर २०१७मध्ये राज्य सरकारने यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलढाणा आणि वाशिम या जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांवर ६० दिवसांची बंदी घातली. त्यांत मोनोक्रोटोफॉस, ॲसिफेट आणि प्रोफेनोफॉसचे मिश्रण ही तीन याच कुळातली होती. तोवर कपाशीची वेचणी सुरू झाली होती.