"कशावरून?" विचारणारं लेकरू
चित्रावर गप्पा मारता मारता विचार करायला कसं शिकता येतं



आपल्या दशसूत्रीत बचत, कर्ज, परतफेड यांच्यासोबत शिक्षणाचंही सूत्र आहे. शिक्षण म्हटलं की आपण काय बघतो? लेकरू रोज शाळेत जातं का, पुस्तकं मिळाली का, पोषण आहार नीट शिजतो का. हे बघायलाच पाहिजे. पण एक गोष्ट बघायची राहून जाते. लेकरू विचार करायला शिकतंय, की नुसतं पाठ करायला?

पाठांतर वाईट नाही. पाढे पाठच असावे लागतात. पण उद्या याच लेकरासमोर बियाण्याचं पाकीट येईल, कर्जाचा कागद येईल, मोबाईलवर कोणी पाठवलेला निरोप येईल. तिथं पाठ केलेलं उत्तर कामी येत नाही. तिथं "हे खरं कशावरून?" असं विचारता आलं पाहिजे. ही सवय पहिली ते चौथीतच लावता येते. त्याचा एक बिनखर्चाचा मार्ग आहे: वर्गात एक चित्र लावायचं आणि त्यावर लेकरांना बोलू द्यायचं.

तीन साधे प्रश्न

ही पद्धत अमेरिकेत न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट या कलासंग्रहालयाच्या कामातून पुढे आली. तिथले शिक्षण विभागाचे प्रमुख फिलिप येनवाईन आणि माणसं चित्र कसं बघतात याचा अभ्यास करणाऱ्या अबिगेल हाऊसेन या दोघांनी ती बसवली. पद्धत म्हणजे काय, तर तीन प्रश्न.

१. या चित्रात काय चाललंय?
२. तुला असं कशावरून वाटलं? चित्रात काय दिसलं?
३. अजून काय काय दिसतं?

आधी एक मिनिट सगळ्यांनी गुपचूप चित्र बघायचं. मग बोलायचं. लेकरू बोलेल तसं शिक्षकांनी चित्रात त्या जागी बोट ठेवायचं आणि त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत पुन्हा सांगायचं, म्हणजे सगळ्या वर्गाला कळतं. "बरोबर" म्हणायचं नाही, "चूक" म्हणायचं नाही, "शाब्बास"सुद्धा नाही. एकाला शाब्बासकी मिळाली की बाकीचे तेच उत्तर धरून बसतात. पंधरा-वीस मिनिटं पुरतात. आठवड्यातून एकदा केलं तरी चालतं.

तिन्हींत कामाचा प्रश्न दुसरा आहे. "कशावरून?" म्हटलं की लेकरू परत चित्राकडे वळतं आणि पुरावा शोधतं.

बापूकुटीची भिंत घ्या

आपल्यापैकी पुष्कळ जणी सेवाग्रामला जाऊन आल्या असतील. बापूकुटी आधी मीराबेन यांच्यासाठी बांधलेली होती, नंतर गांधीजी तिथं राहायला आले. कुटीच्या भिंतीवर मीराबेन यांनी मातीचाच उठाव देऊन झाडं, मोर, चरखा काढले आहेत. रंग नाही की चौकट नाही. आपण चूल किंवा ओटा सारवताना हातानं नक्षी उठवतो, त्याच जातीचं काम.

समजा आपल्या शाळेची सहल तिथं गेली, किंवा भिंतीचा मोठा फोटो वर्गात लावला. बोलणं साधारण असं होईल.

"काय दिसते?"
"ताडाचं झाड हाय, मॅडम."
"कशावरून ताड?"
"उंच हाय न. खाली फांद्याच नाही."
दुसरी म्हणेल, "नाही बा, शिंदी हाय. आमच्या नाल्यावर अशीच हाय."
"तुला शिंदी कशावरून वाटली?"
"पानं पहा न. ताडाचं पान पंख्यासारखं रायते, शिंदीचं लांब रायते, चिरल्यासारखं."

आता सगळा वर्ग पानं बघायला लागेल. कोणी पहिल्याच्या बाजूनं, कोणी दुसरीच्या. कोणी म्हणेल, मातीत बारीक पान काढताच येत नाही, म्हणून नीट कळत नाही. हेही उत्तरच आहे, आणि मोठं शहाणं उत्तर आहे. निकाल शिक्षकांनी द्यायचा नाही.

एवढ्याशा बोलण्यात काय काय झालं ते मोजा. लेकरानं बारकाईनं बघितलं. मत मांडलं, त्याला कारण दिलं. दुसऱ्याचं वेगळं मत ऐकून घेतलं, भांडण न करता. नाल्यावरचं झाड आणि भिंतीवरचं झाड यांची तुलना केली. आणि काही गोष्टी नक्की सांगता येत नाहीत, हेही त्याला उमगलं.

हाऊसेन यांनी मिनेसोटा राज्यातल्या बायरन या गावच्या शाळेत पाच वर्षं अभ्यास केला. चित्रावर बोलताना लागलेली कारण देण्याची सवय मुलं दुसरीकडेही वापरतात, असं त्यांना दिसलं. आपल्याला हे पटायला अवघड नाही. "पक्षी का उडून गेले?" याचं कारण चित्रात शोधणारं लेकरू गणितात "हे उत्तर कसं आलं?" म्हटलं तर गप्प बसत नाही.

आपल्या मातीत याचं मूळ आहे

हे सगळं परदेशातून आलेलं नवीन खूळ आहे, असं कोणी म्हटलं तर त्यांना वर्ध्याचाच इतिहास सांगा. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. पुढे डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनं आराखडा केला, आणि आशादेवी व आर्यनायकम यांनी सेवाग्रामात नई तालीमची शाळा चालवली. हातानं काम करता करता शिकायचं हा तिचा गाभा. टकळीवर सूत काढलं की त्याच सुतावरून मोजमाप आणि हिशेब. याला समवाय म्हणतात.

याच शाळेत १९४४ मध्ये देवी प्रसाद कला शिकवायला आले. ते शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्याकडे शिकलेले. १९६२ पर्यंत ते सेवाग्रामात होते. मोठ्यांनी काढलेलं चित्र समोर ठेवून मुलांना त्याची नक्कल करायला लावू नये, मुलानं काढलेलं चित्र म्हणजे त्याचं स्वतःचं बोलणं आहे, असं ते मानत. कलेलाच शिक्षणाचा पाया म्हणणारं त्यांचं पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टनं काढलं आहे. म्हणजे चित्र हा फावल्या वेळेचा विषय नाही, हा विचार आपल्या जिल्ह्यात ऐंशी वर्षांपूर्वीच रुजला होता.

घरी आपण काय करू शकतो

यासाठी आईला वाचता येणं गरजेचं नाही. डोळे आणि तीन प्रश्न पुरेत. चित्रं तर घरातच आहेत.

बालभारतीचं पहिली-दुसरीचं पुस्तक उघडा. त्यात बाजाराची, शेताची, घराची भरगच्च चित्रं असतात. धडा वाचण्याआधी चित्रावर बोला.

श्रावणात जिवतीचा कागद लावत असाल तर लेकराला विचारा, कोण कोणावर बसलंय, कोणाच्या हातात काय आहे. विहारातलं चित्र, भिंतीवरचं कॅलेंडर, तान्ह्या पोळ्याचा सजवलेला लाकडी बैल, दारातली रांगोळी, काहीही चालतं.

आणि एक चित्र मुद्दाम घ्या: पऱ्हाटीच्या बियाण्याचं पाकीट. त्यावर बोंडांनी लगडलेलं झाड असतं. लेकराला विचारा, "या झाडाले किती बोंडं दिसते? आपल्या वावरातल्या झाडाले किती?" मग दोघं मिळून धुऱ्यावर जाऊन मोजा. चित्र काढणाऱ्यानं काय दाखवलं, काय नाही दाखवलं आणि का, हे तिसरीतल्या लेकरालाही कळतं. जाहिरात बघताना हा प्रश्न त्याला जन्मभर पुरेल.

शाळेत काय मागायचं

शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के पालक आणि ५० टक्के महिला असाव्या लागतात. आपल्या गटातली कोणी ना कोणी ताई तिथं असतेच. तिनं सभेत एवढंच मांडावं: आठवड्यातून एक तासिका चित्रावर बोलण्याची ठेवता येईल का? यासाठी निधी लागत नाही. नव्या शैक्षणिक धोरणातही (२०२०) कलेच्या जोडीनं इतर विषय शिकवावेत असं म्हटलेलं आहे. म्हणजे शिक्षकांवर हा जादा बोजा नाही.

मागणी करताना शिक्षकांशी वाद नको. त्यांच्यामागे कागदपत्रांचं कामही असतंच. "पहिल्या दिवशी आम्ही दोघी वर्गात येऊन बसू का?" असं विचारलं तर बहुतेक जण हो म्हणतील.

सांभाळायच्या गोष्टी

चित्र मागच्या ओळीतल्या लेकराला दिसेल एवढं मोठं असावं. त्यात माणसं, जनावरं, काहीतरी घडत असलेलं असावं. नुसतं एक फूल असेल तर बोलणं लवकर संपतं.

घरची बोली चालू द्या. "हाय"ला "आहे" करत बसलं की लेकराचा विचार तुटतो. शुद्ध बोलणं दुसऱ्या तासाला शिकवता येतं.

न बोलणाऱ्या मुलीकडे लक्ष ठेवा. "तू सांग" म्हणून तिला उभं करू नका, "तुला कोणाचं म्हणणं पटलं?" असं विचारा. पुढच्या वेळी ती स्वतःहून बोलेल.

"कशावरून?" हा शब्द दरडावून विचारला तर उलटतपासणी वाटते. आवाज नवल वाटल्यासारखा ठेवा.

आणि हेही लक्षात असू द्या: याने वाचन-लेखन आपोआप येत नाही. ते रोज करावंच लागतं. पण ज्या लेकराला बोलायला काही आहे, त्याला लिहायलाही काहीतरी सापडतं.

आपण गटात हेच तर करतो

विचार करून बघा, आपल्या बैठकीत आपण काय शिकलो? सचिव म्हणते, "एवढी शिल्लक आहे." आपण म्हणतो, "कशावरून? पासबुक दाखव, नोंद दाखव." त्यात सचिवाचा अपमान नसतो. तेवढ्यानं सगळ्यांचा पैसा सुरक्षित राहतो. हा प्रश्न विचारायला आपल्यापैकी कितीजणींना वर्षं लागली! पहिल्या बैठकीत तर नाव सांगतानाही आवाज फुटत नव्हता. आपल्या लेकींना त्यासाठी लग्न होऊन गटात येईपर्यंत थांबायला लागू नये.

ग्रामसंघाच्या येत्या बैठकीत हा विषय घ्या. बैठकीतच एक चित्र मधोमध ठेवा, तिन्ही प्रश्न आपल्या आपल्यात विचारून बघा. हसू येईल, मतं वेगळी निघतील. मग घरी जाऊन तेच चित्र लेकरासमोर ठेवा आणि त्याला काय दिसतं ते ऐका.