कुमारांसाठीची सचित्र चरित्रे : चित्राने घडविलेला अर्थ

प्रस्तावना :
कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या चरित्रांची चर्चा बहुधा मजकुरापुरती मर्यादित राहते. सनावळ्या बरोबर आहेत का, भाषा सुबोध आहे का, एवढे पाहिले जाते. चित्रांकडे मात्र सजावट म्हणून पाहण्याची प्रवृत्ती आहे. वस्तुतः दहा-बारा वर्षांच्या वाचकाच्या स्मरणात टिकते ते चित्रच. चरित्रनायक कोणत्या प्रसंगी, कोणाच्या सोबत दाखविला आहे, यावरून त्याच्या जीवनाचा अर्थ ठरत असतो. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेचा मोजक्या उदाहरणांच्या आधारे विचार केला आहे.

कवीचे चरित्र :
कवीचे चरित्र चित्रित करणे विशेष अवघड आहे, कारण काव्यनिर्मिती ही डोळ्यांना दिसणारी घटना नव्हे. साहजिकच चित्रकार चमत्काराकडे वळतो. ज्ञानेश्वर म्हटले की वेद बोलणारा रेडा आणि चालणारी भिंत डोळ्यांसमोर येते. परंतु शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, नेवासे येथे गीतेचा अर्थ मराठीत सांगितला गेला आणि परंपरेनुसार सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला. सांगणारा तरुण, लिहिणारा लेखक, समोर श्रोते आणि पाठीशी तो दगडी खांब : हा प्रसंगही पूर्णपणे चित्रणयोग्य आहे. संस्कृतातील ज्ञान लोकभाषेत आणण्याचे मोल त्यातून मुलांना कळू शकते. रेड्याच्या चित्रातून ते क्वचितच कळते. चेहऱ्याचा प्रश्न तर आणखी वेगळा. १९३६ च्या ‘संत तुकाराम’ या प्रभातच्या चित्रपटानंतर विष्णुपंत पागनीस यांची मुद्राच अनेकांच्या मनात तुकोबांची मुद्रा होऊन बसली.

एक जीवन, दोन चित्ररूपे :
भारतातील सचित्र चरित्रांचा विचार ‘अमर चित्र कथा’ वगळून करता येत नाही. अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केलेल्या या मालेने पुराणकथांबरोबरच संत, कवी, राष्ट्रपुरुष यांची चरित्रे अल्प किमतीत घरोघरी पोचविली. हे कार्य निःसंशय मोठे आहे. तथापि सुमारे बत्तीस पृष्ठांची मर्यादा, आयताकृती चौकटी आणि मध्यभागी नायक, या रचनेचा स्वतःचा एक तर्क आहे. संकट येते, नायक त्यावर मात करतो, चौकट पुढे सरकते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरील १९७९ च्या पुस्तकालाही हाच साचा लाभला. त्यामुळे अस्पृश्यता ही समाजाची रचना न राहता एका असामान्य पुरुषाने ओलांडलेला अडथळा भासू लागते.

याउलट २०११ साली ‘नवायन’ने प्रसिद्ध केलेले ‘भीमायन’ पाहावे. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांची चित्रे आणि श्रीविद्या नटराजन व एस. आनंद यांचा मजकूर असे त्याचे स्वरूप आहे. बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर टिपणांचा त्याला आधार आहे. ही टिपणे पुस्तिकारूपाने १९९० साली आली. त्यांतील १९०१ चा मसूर स्थानकावरील प्रसंग सुपरिचित आहे. नीटनेटका पोशाख पाहून स्टेशनमास्तर आस्थेने विचारपूस करतो आणि जात कळताच मागे सरतो. दुप्पट भाडे घेऊनही गाडीवान पायी चालतो. बैल मुलांनीच हाकायचे. वाटेतल्या नाक्यावर मागूनही पाणी मिळत नाही. ‘भीमायन’मध्ये हा प्रवास चौकटींत कोंडलेला नाही. घराच्या भिंतींवर व जमिनीवर काढल्या जाणाऱ्या ‘डिगना’ या पारंपरिक आकृतिबंधाच्या वळणदार रेषा पृष्ठाची विभागणी करतात. सौम्य बोलणे पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात येते, तर विषारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. शब्दही डसतो, हे वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही. शिवाय कथेच्या अधूनमधून अलीकडच्या अत्याचारांच्या बातम्या येतात; २००६ चे खैरलांजीही त्यांत आहे. कथन सुरू होते ते आजच्या शहरातील बसथांब्यावर, आरक्षणावरील वादातून. भूतकाळ संपला, असे मानण्याची सोय वाचकाला उरत नाही. हे पुस्तक लहानांसाठी जड आहे, असा आक्षेप घेता येईल. परंतु मसूरच्या गाडीतील मुलगाही दहा वर्षांच्या आसपासचाच होता.

मराठीपुढील प्रश्न :
जोतीराव फुले यांच्या ‘गुलामगिरी’चेही (१८७३) श्रीविद्या नटराजन आणि अपराजिता निनान यांनी चित्ररूप सिद्ध केले आहे. मूळ ग्रंथ जोतीराव व धोंडीबा यांच्या संवादाच्या रूपात असल्याने चित्रकथेतील संवादफुग्यांना तो स्वभावतःच अनुकूल आहे. मराठीत लिहिलेल्या या ग्रंथाचे ते चित्ररूप मात्र प्रथम इंग्रजीत अवतरले.